दोन सिद्धेश्वरांमधली मुंबई : पायी, बसने, लोकलने (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईला जाऊन आलेली माणसं सोलापुरात घरोघरी आहेत, मुंबई पाहिलेली मात्र फार थोडी. मंत्रालयातलं काम, परळच्या रुग्णालयातली तपासणी, मूळजी जेठा मार्केटातली खरेदी, नाहीतर मुलाची मुलाखत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी उतरायचं, काम उरकायचं आणि रात्रीच्या सिद्धेश्वरनेच परत यायचं.

अण्णांच्या उपचारासाठी मीही काही वर्षं अशीच जात होते. डॉक्टरांचं काम दुपारी बारापर्यंत संपायचं आणि गाडी रात्री. सुरुवातीला आम्ही दोघं तो सगळा वेळ स्टेशनवर बसून काढायचो. एकदा अण्णाच म्हणाले, "इतक्या वेळा आलो, समुद्र काही बघितला नाही." त्या दिवसापासून आम्ही चालायला लागलो. अण्णा गेले, पण माझं जाणं सुटलं नाही. आता गल्लीतलं, नात्यातलं कुणी मुंबईला निघालं की माझ्याकडे येतं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

एका दिवसात मुंबई बघून होते का?

नाही, आणि तसा हट्टही धरू नये. एका दिवसात एकच पट्टा धरा आणि तो नीट बघा.

मुंबईचा आकार एकदा डोक्यात बसला की निम्मी भीती जाते. मुळात ही सात बेटं. भराव घालून ती जोडली गेली, म्हणून शहर उत्तर-दक्षिण लांबच लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. दक्षिण टोकाला तर फारच अरुंद. सोलापूर स्टेशनवरून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत जे चालत जातात, ते तेवढ्याच चालीत मुंबईत पूर्वेच्या बंदरापासून पश्चिमेच्या अरबी समुद्रापर्यंत पोचतील. सीएसएमटी ते चर्चगेट ही पायी वीस मिनिटांची वाट आहे. नवखी माणसं घाबरून टॅक्सी करतात आणि सिग्नलला तेवढाच वेळ घालवतात.

सिद्धेश्वरने जावं की वंदे भारतने?

फिरायचं असेल तर सिद्धेश्वर. रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि सकाळी सातच्या आत मुंबईत पोचवते. अख्खा दिवस हातात राहतो, राहण्याचा खर्च वाचतो. सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ला सुरू झाली. गाडी उत्तम आहे, पण सकाळी निघून दुपारी साडेबारानंतर पोचते आणि परतीची चारच्या सुमारास सुटते. एक रात्र मुक्काम असेल तरच ती फिरण्याच्या उपयोगाची. वेळापत्रकं बदलत असतात, तिकीट काढताना एकदा खात्री करा.

परळ-दादरकडे काम असेल तर दादरला उतरा. नुसतं फिरायचं असेल तर शेवटपर्यंत बसा. सीएसएमटीला उतरण्यातच अर्धी सहल आहे.

सामान कुठे ठेवायचं? अंघोळीचं काय?

सीएसएमटीवर सामान ठेवण्याची खोली आहे, सगळे तिला क्लोक रूम म्हणतात. बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप घरूनच न्या. प्रतीक्षालयात तोंड धुऊन, कपडे बदलून निघता येतं. खांद्यावर एकच हलकी पिशवी, पाण्याची बाटली, टोपी आणि पायात रुळलेली चप्पल किंवा बूट. नवी चप्पल घालून मुंबई चालायला निघू नका.

सकाळी सातला सगळं बंद असतं. तेव्हा करायचं काय?

मुंबई बघायची सगळ्यात चांगली वेळ तीच! कचेऱ्या दहाच्या आसपास उघडतात. तोपर्यंत फोर्टातले रस्ते जवळजवळ मोकळे असतात आणि मान वर करून चालता येतं.

स्टेशनमधून बाहेर पडलात की रस्ता ओलांडा, मागे वळा आणि ज्या इमारतीतून आलात तिच्याकडे दहा मिनिटं बघा. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं हिचं बांधकाम चाललं. स्थापत्यकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. २००४पासून हे स्टेशन युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मोर, माकडं, पानं, वेली असं सगळं दगडात कोरलेलं आहे, आणि रोज लाखो माणसं त्याखालून मान खाली घालून पळतात. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ला इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरातून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर.

शेजारीच जनरल पोस्ट ऑफिस आहे. त्याचा घुमट बघून विजापूर आठवलं तर तुमची नजर बरोबर आहे. १९१३मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीचा घुमट गोल घुमटावरूनच घेतलेला आहे. शाळेची सहल विजापूरला गेली नाही असा सोलापूरकर विरळा, म्हणून मी प्रत्येकाला तिथे थांबवते.

मग दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालत राहा. दोन्हीकडे कमानींखालून पदपथ आहेत, ऊन-पाऊस लागत नाही. साधारण एक किलोमीटरवर हुतात्मा चौक. कारंजं १८६४चं, आणि त्याच्याजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं स्मारक. आपल्या चार हुतात्मा चौकातून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला इथे आपसूक थबकायला होतं. १९३०च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, इंग्रजांनी लष्करी कायदा लावला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं. मुंबईचा चौक वेगळ्या लढ्याचा, पण तिथे उभं राहिल्यावर मला आपले चौघे आठवल्याशिवाय राहत नाहीत. मुलं बरोबर असतील तर दोन्ही गोष्टी तिथेच सांगा.

पुढे काळा घोडा, डावीकडे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट आणि मग गेटवे. गेटवे आणि वस्तुसंग्रहालय दोन्ही जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची. गेटवेची पायाभरणी १९११ची, उद्‌घाटन १९२४चं. २८ फेब्रुवारी १९४८ला इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. सूर्य बंदरावर, बोटींच्या मागून वर येतो, त्यामुळे गेटवे सकाळचा आणि मरीन ड्राइव्ह संध्याकाळचा, हे लक्षात ठेवा.

लोकलची फार भीती वाटते. कसं करावं?

लोकल ही भीती वाटण्यासारखीच गोष्ट आहे, आणि जी माणसं तिला गृहीत धरतात त्यांनाच अपघात होतात. पण नियम पाळले तर तिच्यासारखं स्वस्त आणि वेगवान दुसरं काही नाही.

पहिली गोष्ट वेळ. सकाळी आठ ते अकरा शहराकडे, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडे, येणाऱ्या गाड्या गच्च असतात. संध्याकाळी पाच ते नऊ त्याच गर्दीचा उलटा प्रवाह. तुम्ही सकाळी सीएसएमटीहून दादरकडे निघालात तर निवांत बसायला मिळतं, कारण गर्दी समोरून येत असते. तेव्हा दिवस असा आखा की तुमची दिशा गर्दीच्या विरुद्ध असेल. दुपारी बारा ते चार तर कुठेही जा.

दुसरी गोष्ट मार्ग. मध्य रेल्वे सीएसएमटीहून कल्याण आणि पुढे कसारा, कर्जतकडे. हार्बर सीएसएमटीहूनच पनवेल आणि गोरेगावकडे. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून उत्तरेला. मध्य आणि पश्चिम एकमेकींना दादरला भेटतात, बदलायचं तर तिथे.

तिसरी गोष्ट फास्ट की स्लो. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे चालली आहे, जलद की धीमी, किती डब्यांची, सगळं मराठीत येतं. एकदा मला करी रोडला उतरायचं होतं आणि मी अण्णांचा हात धरून घाईत फास्टमध्ये चढले. करी रोड खिडकीतून मागे गेलं आणि आम्ही दादरला. तिथून स्लो पकडून परत आलो. बिघडलं काहीच नाही, पण त्या दहा मिनिटांत अण्णांचा चेहरा उतरला होता. तेव्हापासून मी गाडी सोडते, पण इंडिकेटर वाचल्याशिवाय चढत नाही. पुढची चार-पाच मिनिटांत येतेच.

चौथी गोष्ट डबा. पहिल्या वर्गाच्या डब्यावर रंगीत पट्टे असतात आणि तो दुसऱ्या वर्गाच्या डब्याला लागूनच असतो. चुकून शिरलात तरी दंड होतो. आजारी माणसासोबत असाल तर दिव्यांग आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठीचा वेगळा डबा असतो, रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. आणि दारात उभं राहू नका. उतरायचं स्टेशन येण्याआधीच्या स्टेशनला उठा, पुढच्याला विचारा, "उतरणार का?" बाकीचं मुंबईकर बघून घेतात. त्यांच्याइतकं न सांगता मदत करणारं माणूस मी कुठे पाहिलेलं नाही.

तिकीट यंत्रावर किंवा रेल्वेच्या अ‍ॅपवर काढा, रांग वाचते. रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, कुठल्या मार्गावर ते आदल्या दिवशीच्या पेपरात बघून घ्या.

रिक्षा मिळते ना?

दक्षिण मुंबईत नाही. माहीम आणि शीवच्या अलीकडे रिक्षाला परवानगीच नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. वांद्र्यापासून पुढे उपनगरांत रिक्षा.

बेस्टच्या बसचं गणित कसं समजायचं?

बसच्या कपाळावरचा आकडा देवनागरीत असतो. आपल्याकडची इंग्रजी शाळेतली मुलं तिथे अडतात, "आई, हा ५ आहे का ६?" करत बस निघून जाते. मुंबईला जाण्याआधी घरच्या घरी देवनागरी आकड्यांची उजळणी करून घ्या, एरवीही उपयोगी पडेल.

पहिली मोटार बस मुंबईत १५ जुलै १९२६ला धावली. त्याआधीपासून ट्राम होती, ती ३१ मार्च १९६४ला बंद झाली. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त झाल्या, आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस आहेत. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटकडे जाणारी मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. लहान मुलासाठी यापेक्षा स्वस्त पाळणा नाही.

मे २०२५पासून किमान भाडं साध्या बसला १० रुपये आणि वातानुकूलितला १२ रुपये आहे. सुट्टे पैसे ठेवा, किंवा चलो अ‍ॅपवर तिकीट काढा. दिवसभर चढ-उतार करायची असेल तर दिवसाचा पास विचारा.

नवी भुयारी मेट्रो कामाची आहे का?

खूप. कफ परेड ते आरे हा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५पासून सुरू आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, सिद्धिविनायक, दादर, धारावी अशी आपल्या उपयोगाची स्थानकं एकाच मार्गावर आली. लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना मी आता लोकलऐवजी हीच सुचवते. भाडं १० रुपयांपासून. एवढंच, की जमिनीखालून जाताना शहर दिसत नाही. म्हणून जाताना मेट्रो, येताना बस.

समुद्र कधी बघावा? गेलो तेव्हा नुसता चिखल होता.

म्हणजे तुम्ही ओहोटीला गेलात. समुद्राच्याही वेळा असतात, आणि त्या ओळखायचं साधन सोलापूरकराच्या भिंतीवरच टांगलेलं आहे. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं. त्यात तिथी बघा. तिथीच्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा, येईल त्या वाजता भरती. कोकणातले कोळी हेच गणित करतात.

अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, उत्तर सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण दिवस आखायला एवढं पुरतं. शुक्ल पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. रोज भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, ती चंद्रामुळे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सगळ्यात वर चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती मवाळ, ती भांगाची भरती.

हे गणित हाजी अलीला जाताना फार लागतं. दर्ग्याची वाट समुद्रातून आहे आणि मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते. मी एकदा ऐन भरतीला पोचले. काठावर उभी राहून लांबून दर्गा बघितला आणि महालक्ष्मीच्या देवळात जाऊन बसले. दोन्ही ठिकाणं पायी पंधरा मिनिटांच्या आत आहेत.

आणखी एक गंमत. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य सोलापूरपेक्षा दहा-बारा मिनिटं उशिरा मावळतो. आपल्या घड्याळाच्या सवयीने सूर्यास्त चुकला असं समजून परत फिरू नका.

पाण्यात उतरावं का?

गिरगाव चौपाटीवर घोट्यापर्यंत, बस. पावसाळ्यात तेवढंही नाही. तलावात पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येईल असं समजू नये. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडच्या त्रिकोणी सिमेंटच्या ठोकळ्यांवर कुणीही उतरू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

बोटीत बसायची फार हौस आहे.

घारापुरीला जा. गेटवेवरून तासाभराचा जलप्रवास. मग शंभरावर पायऱ्या आणि वर खडकात कोरलेली लेणी. तिथली सदाशिवाची त्रिमुखी मूर्ती अठरा फुटांच्या आसपास उंच आहे. अंधारातून ती हळूहळू दिसायला लागते, तेव्हा सगळे आपोआप गप्प होतात. सिद्धेश्वराच्या गावच्या माणसाने हा शिव बघायलाच हवा. १९८७पासून हाही जागतिक वारसा आहे. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटी बहुधा बंद. अर्धा दिवस सहज जातो, सकाळी नऊच्या आसपासची बोट धरा.

वेळ नसेल तर भाऊच्या धक्क्यावर जाऊन रेवसकडे जाणाऱ्या लाँच नुसत्या बघा. किंवा घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने वर्सोव्याला उतरून, पुढे रिक्षाने जेट्टी आणि तिथून मढची फेरीबोट. काही मिनिटांची खाडी, पण मुलांची हौस भागते.

सोलापूरकराने आवर्जून बघावं असं काही आहे का?

आहे, आणि ते सहलीच्या यादीत कुणी टाकत नाही. गिरणगाव.

आपलं शहर गिरणीच्या भोंग्यावर वाढलं. १८७७ला सुरू झालेली जुनी गिरणी, तिच्यामागून आलेल्या बाकीच्या गिरण्या, पूर्व भागातले माग, चादर आणि टॉवेल. तसंच लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४मध्ये कावसजी दावर यांनी उभारायला घेतली, आणि १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर बहुतेक गिरण्या उठल्या त्या उठल्याच. आज तिथे काचेचे मनोरे आहेत आणि त्यांच्या मधेच एखादी दगडी चिमणी उभी आहे.

करी रोडला उतरा आणि लालबागकडे चालत जा. चाळींचे लाकडी कठडे, व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, खाली मिरची कांडणारी दुकानं, चिवड्याची गल्ली. अण्णा जुन्या गिरणीच्या चाळीत वाढलेले. लालबागच्या एका चाळीसमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याचा नळ पण तिथंच आहे." म्हणजे सोलापूरच्या चाळीत होता त्याच जागी, जिन्याखाली. मी त्या दिवसाआधी त्यांना लहानपणाबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं. त्या दुपारी ते दोन तास बोलले.

परळला शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयावरून जाल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथेच शिकले आणि १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ते पथक निघालं मुंबईच्याच बंदरातून. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघितलं असेल तर इथून जाताना जरा थांबा.

आणि काळ्या घोड्याला जहांगीर कलादालन. आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत चित्रकार झाले. दालनात जायला पैसे पडत नाहीत. चित्रातलं कळत नाही म्हणून बाहेरून परत फिरणाऱ्यांना मी हाताला धरून आत नेते.

पेशंटसोबत परळला आहोत. मधे दोन-तीन तास मिळाले तर?

फार लांब जाऊ नका, फोन चार्ज ठेवा. भायखळ्याची राणीची बाग जवळ आहे. झाडं जुनी आणि मोठी, सावलीत बसता येतं. तिथेच १८७२मध्ये खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, जुन्या मुंबईच्या छोट्या प्रतिकृती बघायला मिळतात. बुधवारी दोन्ही बंद. तेही नको असेल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसा. रुग्णालयाच्या वासातून बाहेर पडून तासभर मोकळ्या हवेत बसणं हीसुद्धा सोबतच्या माणसाची गरज असते. त्यात काही चुकीचं नाही.

दादरला काय काय होतं?

पहाटे फुलबाजार, स्टेशनच्या पश्चिमेला लागूनच. तिथून पायी शिवाजी पार्क आणि पुढे समुद्रकाठी चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर इथे अंत्यसंस्कार झाले. एरवी शांत असते, सकाळी गेलात तर फक्त लाटांचा आवाज. ६ डिसेंबरच्या आसपास लाखो लोक येतात. अभिवादनाला जायचं तर तेव्हा जरूर जा, पण त्या दिवशी इतर काही फिरण्याचा बेत करू नका. सिद्धिविनायकाला दादरहून चालत पंचवीस मिनिटं, किंवा मेट्रोने एक स्थानक. मंगळवारी रांग मोठी असते.

बाणगंगा बघण्यासारखी आहे म्हणतात?

हो. वाळकेश्वरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचं पायऱ्यांचं तळं. चारी बाजूंनी देवळं. आपल्या सिद्धेश्वर तळ्याकाठी बसणाऱ्याला तिथे परकं वाटत नाही. गिरगाव चौपाटीवरून बसने जा, चढ आहे.

खायचं काय?

सकाळी इराण्याकडे बन-मस्का आणि चहा. धोबी तलावजवळ १९०४पासूनचं कयानी आहे. दुपारी दादर किंवा गिरगावातलं कुठलंही मराठी उपाहारगृह, थालीपीठ, मिसळ, पियुष. वडापाव तिथे घ्या जिथे घाणा समोर चालू आहे. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, पैसे वाचतात म्हणूनच नव्हे, तर मरीन ड्राइव्हवर बसून खाल्लेल्या शेंगाचटणीची चव वेगळी लागते. आपल्या पार्क चौपाटीला समुद्र नाही, ही उणीव मी अशी भरून काढते.

ऊन सोलापूरपेक्षा कमीच ना?

आकडा कमी, त्रास जास्त. आपल्याकडे ४२ अंशांतही घाम वाळतो, तिथे ३३ अंशांतही वाळत नाही. दमट हवेत अंगातलं पाणी कळत नकळत जातं. लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी बरोबर ठेवा आणि बारा ते तीन संग्रहालयात काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चालण्याचे महिने. याच दिवसांत हार्बरवरच्या शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात, उजनीच्या पाण्यावर आपण बघतो तेच.

पावसाळ्यात जावं का?

एकदा तरी जा. सोलापूरच्या साधारण तिप्पट पाऊस तिथे पडतो. मरीन ड्राइव्हवर कठड्यावरून उसळणाऱ्या लाटा बघताना आपल्या कोरड्या मुलखाची माणसं लहान मुलांसारखी ओरडतात. पण साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याचा निचरा होत नाही आणि लोकल थांबते. महापालिका अशा भरतीच्या तारखा आधीच जाहीर करते. त्या टाळा, आणि परतीच्या गाडीआधी चार तास स्टेशनच्या जवळपास राहा.

बाईमाणसाने एकटीने फिरावं का?

मी फिरते. लोकलला महिलांचे डबे असतात, काही गाड्या तर पूर्ण महिलांच्या. अशी पहिली गाडी ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेवर सुटली. संध्याकाळी उशिरापर्यंत रस्त्यांवर बायका असतात, त्यामुळे धीर राहतो. खरी अडचण स्वच्छतागृहाची. संग्रहालयं, मोठी स्थानकं, मोठी उपाहारगृहं इथे सोय आहे, मधल्या रस्त्यांवर कमी. म्हणून पाणी पिणं टाळू नका, थांबे त्या हिशेबाने आखा.

भाषेचं काय?

मराठीतच सुरुवात करा. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी असं वाढलेल्या माणसाला मुंबईची बोली दोन तासांत येते.

दिवसाचा खर्च किती?

बस, लोकल, मेट्रो धरून एका माणसाचे शंभर-दीडशे रुपये खूप झाले. घारापुरीची बोट आणि संग्रहालयाचं तिकीट वेगळं.

रात्रीची गाडी पकडेपर्यंत संध्याकाळ कुठे घालवावी?

मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा अर्धगोल काठ आणि त्यावर बसायला सलग कठडा. सूर्यास्ताच्या तासभर आधी चर्चगेटहून चालत या, गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघा आणि पाय दमतील तिथे बसा. मागच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती आर्ट डेको शैलीच्या, २०१८पासून त्याही जागतिक वारशात आहेत. पण पाठ त्यांच्याकडे आणि तोंड पाण्याकडे ठेवा. सूर्य गेल्यावर लगेच उठू नका, दिवे एकामागोमाग लागत जातात ते बघा.

अण्णा कठड्यावर चप्पल काढून, मांडी घालून बसायचे. गाडी चुकेल म्हणून मी घाई करायचे. ते म्हणायचे, "बस की अजून पाच मिनिटं."

साडेनऊला उठा. चर्चगेटवरून सीएसएमटीपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. थकला असाल तर बस आहे. सामान सोडवा, बाटली भरून घ्या आणि दहा-सव्वादहापर्यंत फलाटावर या. डबा सापडायला फार शोधावं लागत नाही. "काय बे, झालं का काम?" हे कानावर पडलं की तीच आपली गाडी.